मांसल पानांची कुंडी मांडताना

श्रोतेहो, नमस्कार. घराच्या सजावटीसाठी एकाच पसरट कुंडीत निरनिराळ्या आकारांची सक्युलंट, म्हणजे मांसल पानांची रोपे, लावण्याची हौस अनेकांना असते. परंतु अशी कुंडी भरताना रंग आणि आकार यांच्याइतकाच विचार प्रत्येक रोपाला किती ऊन आणि किती पाणी लागते याचाही करावा लागतो, कारण एका मातीत लावलेल्या रोपांना आपण वेगवेगळे पाणी देऊ शकत नाही. मूळची बहुतांशी मेक्सिकोतली, खडकाळ उतारांवर वाढणारी एचेव्हेरिया भरपूर उजेड मागते, तर दक्षिण आफ्रिकेतील हॉवर्थिया झुडपांच्या आणि दगडांच्या आडोशाला वाढते. म्हणून खिडकीत कडक ऊन येत असेल तर एचेव्हेरियासोबत सेडम लावावे, आणि सौम्य उजेड असेल तर हॉवर्थियासोबत गॅस्टेरिया लावावे.

या वनस्पती पाने आणि खोडात पाणी साठवतात. त्यांच्यातील अनेक जाती दिवसा पर्णरंध्रे मिटून घेतात आणि रात्रीच्या गारव्यात ती उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात, त्यामुळे पाण्याचे बाष्पीभवन फार कमी होते. इतक्या काटकसरी रोपाची मुळे सतत ओल्या मातीत राहिली तर कुजतात. तेव्हा तळाला भोक असलेलीच कुंडी घ्यावी. मातीची, चकाकी न दिलेली असेल तर उत्तमच. काचेच्या भांड्यातली मांडणी छायाचित्रात मोहक दिसते, पण मी ती कोणालाही सुचवणार नाही.

तळाशी खड्यांचा थर दिला की निचरा सुधारतो, ही समजूत सर्वत्र आढळते आणि ती चुकीची आहे. बारीक मातीतले पाणी, ती माती पूर्ण भिजेपर्यंत, खालच्या भरड थरात उतरत नाही. त्यामुळे ओलीचा पट्टा उलट मुळांच्या अधिक जवळ येतो. भरडपणा संपूर्ण मिश्रणात हवा. साधारण निम्मी कुंडीची माती आणि निम्मी जाडी रेती, पर्लाइट (ज्वालामुखी काचेचे फुगवलेले हलके पांढरे दाणे) किंवा विटांचा बारीक चुरा हे प्रमाण बरे पडते. खडे वापरायचेच असतील तर ते वर पसरावेत, म्हणजे खालची पाने ओल्या मातीला टेकत नाहीत.

लावताना उंच रोप थोडे मागे, गुलाबाच्या आकाराची रोपे मध्ये आणि लोंबणारे सेडम काठाशी ठेवावे. या सेडमची पाने नुसत्या स्पर्शानेही गळतात, म्हणून ते सर्वांत शेवटी लावावे; गळलेली पाने मात्र टाकू नयेत, कारण त्यांतूनच नवी रोपे फुटतात. एचेव्हेरियाच्या पानांवरची पांढुरकी भुकटी बोटांनी पुसली तर त्या पानावर पुन्हा येत नाही, यासाठी रोप खालून धरावे.

लावल्यानंतर काही दिवस पाणी देऊ नये, म्हणजे दुखावलेली मुळे भरून येतात. पुढे माती आतपर्यंत कोरडी झाल्यावरच, भोकातून पाणी निथळेपर्यंत द्यावे. रोज शिंपडलेले चार थेंब काही उपयोगाचे नाहीत. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण असतो, आणि स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने तो टिपून काढता येतो.

उजेड अपुरा पडला की रोप लांबट होते आणि पाने विरळ दिसू लागतात. तशी वाढ पुन्हा आखडत नाही. अशा वेळी शेंडा कापून, काप सुकेपर्यंत काही दिवस सावलीत ठेवून पुन्हा लावावा. उरलेल्या खोडालाही बहुधा फुटवे येतात, त्यामुळे ते लगेच उपटू नये.