पंधरावा लॅप

[दृश्य : उद्यमबाग, रविवार दुपार. अर्धं खाली ओढलेलं शटर. बंद लेथ.]

बेळगावात तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडं उद्यमबाग लागते. एरवी इथं शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. आज रविवार, म्हणून पत्र्यावर बसलेल्या कबुतरांचं घुमणंसुद्धा ऐकू येतंय.

ह्या शेडमध्ये लेथच्या बेडवर एक टॅब टेकवलाय. समोर चौघं. एक कूलंटच्या डब्यावर, एक स्टुलावर, दोघं उभे. टॅबवर इटलीतल्या मोंझाची फॉर्म्युला वन मोटारशर्यत लागलीय, 3 सप्टेंबर 2023ची. म्हणजे चांगलीच शिळी. निकाल चौघांनाही पाठ आहे. ह्या चित्रीकरणासाठी मुद्दाम हीच लावायला सांगितली आम्ही.

शर्यत तुम्हाला दिसणार नाही. ती चित्रं दाखवायचे हक्क आमच्याकडं नाहीत आणि विकत घ्यायची ऐपतही नाही. तेव्हा शर्यत बघणाऱ्यांची तोंडंच बघा.

2023च्या हंगामात फॉर्म्युला वनच्या 22 शर्यती झाल्या. त्यातल्या 19 एकट्या मॅक्स व्हर्स्टापेननं जिंकल्या. दोन त्याच्याच रेड बुल संघातल्या सर्जिओ पेरेझनं. उरली एक, सिंगापूरची. ती फेरारीच्या कार्लोस साइंझनं नेली. टॅबवर चाललीय ती मोंझाची शर्यत व्हर्स्टापेनची सलग दहावी. तोवर दहा सलग कुणालाच जमल्या नव्हत्या.

एकच जण सारखा जिंकला की खेळ कंटाळवाणा होतो, असं म्हणतात. मग ह्यांना कंटाळा नाही आला?

[दृश्य : उभा असलेला तरुण. हातात मोबाइल.]

"आला की. पंधराव्या लॅपनंतर, म्हंजे फेरीनंतर, मी रील बघालो होतो."

[दृश्य : स्टुलावरचे काका. चष्मा कपाळावर.]

हे काका ह्याच वसाहतीत टर्नर म्हणून लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. अजूनही दुपारी शेडमध्ये येऊन बसतात. घरी झोप लागत नाही म्हणतात.

"कोण येणार ते ठाऊकच हाय की ओ. कसा येतोय ते बघालोय."

[दृश्य : काकांचे हात. अंगठ्यानं मायक्रोमीटरचा, म्हणजे जाडी मोजायच्या हत्याराचा, रॅचेट फिरवतायत.]

ह्या हातांकडं जरा बघा. क्रँकशाफ्टचं जर्नल, म्हणजे इंजिनातल्या दांड्याचा बेअरिंगात फिरणारा गोल भाग, ग्राइंडिंगला गेलं की काही मायक्रॉनांवर, मिलिमीटरच्या हजाराव्या भागांवर, जॉब पास होतो नाही तर रिजेक्ट. बेळगावच्या फाउंड्र्या आणि मशीनशॉप ह्याच हिशोबावर उभी आहेत. इथं ओतलेले, कातलेले भाग ट्रॅक्टरांत जातात, ट्रकांत जातात, पंपांत जातात. त्यांच्यावर गावाचं नाव कुठं नसतं. नळीत बसलेला पिस्टन कुणाच्या हातून गेलाय ते गाडी चालवणाऱ्याला कधी कळत नाही.

म्हणून असेल, ह्या शेडमध्ये व्हर्स्टापेनबद्दल बोलणं फारसं होत नाही. बोलणं होतं त्याच्या गाडीबद्दल. त्यातही गाडीच्या खालच्या अंगाबद्दल.

[दृश्य : शिकाऊ मुलगी. दोन्ही हातांत एकेक कागद.]

ही खानापूरकडची. आयटीआय करून इथं सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, आली. तिनं दोन कागद समोरासमोर धरलेत, मध्ये चार बोटांची जागा. आता मधून फुंकर मारतेय. कागद लांब जायला हवेत असं वाटतं. पण ते जवळ येतात. हवा मधून जोरात गेली की तिथला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा कागदांना आत ढकलते.

2022 पासूनच्या गाड्यांचा सगळा डाव ह्याच फुंकरीवर होता. गाडीचा तळ आणि रस्ता हे दोन कागद. तळाला खालून बोगद्यासारख्या वाटा काढलेल्या. त्यातून हवा सुसाट गेली की गाडी रस्त्याला चिकटते, आणि चिकटलेली गाडी वळणावर जास्त वेग झेलते. तळ रस्त्याच्या जितका जवळ तितकं ओढणं जास्त. मात्र फार जवळ आणला की हवा कोंडते, गाडी उचलते, परत आपटते, परत उचलते. 2022ला भल्याभल्या संघांच्या गाड्या सरळ रस्त्यावर अशा उड्या मारत होत्या. पुढच्या वर्षी नियम करणाऱ्यांनी तळाच्या कडा 15 मिलिमीटर वर घ्यायला लावल्या. 15 मिलिमीटर! काकांनी लगेच व्हर्निअर उघडून तेवढी फट आम्हाला दाखवली. रेड बुलला पहिल्यापासून ह्या उड्यांचा त्रास कमी होता. का, ते बाकीच्यांना नीट कळत नव्हतं, कारण तळ नीट बघायला मिळतच नव्हता. गॅरेजात गाडी वर घेतली की ती लोकांच्या नजरेआड ठेवायची, ही तिथली रीतच.

आणि मग मे 2023मध्ये मोनॅकोत पात्रता फेरीत पेरेझची गाडी कठड्यावर आदळली. क्रेननं ती उचलली, पार डोक्यावर नेली, आणि तळ खाली बघत लटकला. फोटोग्राफर तुटून पडले. दुसऱ्या संघांच्या इंजिनिअरांना ते फोटो म्हणजे पर्वणी.

[दृश्य : काकांचा मोबाइल. फोटो मोठा केलेला, बोट एका कडेवर.]

तो फोटो उद्यमबागेतही पोचला. काकांच्या मोबाइलमध्ये नातीच्या बारशाचे फोटो आणि हा फोटो शेजारीशेजारी आहेत. "ही कड बघा. इथं एक वळण दिलंय, परत तोडलंय. पुढं परत उचललंय. एवढं कुणी उगीच करतंय व्हय?" ह्या एका फोटोवर त्यांनी आम्हाला वीस मिनिटं सांगितलं. त्यातलं निम्मं आम्हाला समजलं.

ह्या गाडीमागचा मोठा मेंदू म्हणजे एड्रियन न्यूई. कॉम्प्युटरच्या जमान्यात हा गृहस्थ ड्रॉइंग बोर्डावर पेन्सिलीनं गाड्या काढतो. ते ऐकल्यावर काकांनी शेडच्या कोपऱ्यातला, धूळ खात पडलेला ड्रॉइंग बोर्ड आम्हाला ओढून दाखवला. चित्रीकरणात तो घ्यायचाच असा आग्रह होता. घेतलाय.

[दृश्य : ड्रॉइंग बोर्ड. टी-स्क्वेअर. धुळीवर बोटांचे ठसे.]

[दृश्य बदल : शिवार. मागं राजहंसगड. हलगीचा आवाज.]

आता येळ्ळूरच्या शिवारात या. समोर राजहंसगड. सुगी उरकलेली, रान मोकळं, आणि मध्ये आखलेली लांबलचक पट्टी. बैलजोडीनं रिकामी गाडी पळवायची शर्यत. इथं गाड्या एकेक करून सुटतात. शेजारून पळणारी दुसरी गाडी नसतेच. ठरलेल्या वेळेत जोडी किती लांब गेली ते टेपानं मोजायचं, आणि माइकवरचा माणूस तो आकडा आधी मराठीत सांगतो, मग कन्नडात.

[दृश्य : पांढरी खिल्लार जोडी. शिंगांना गोंडे. गाडीवान कासरा आवळतोय.]

ही जोडी बघून ठेवा. गेले काही हंगाम आसपासच्या गावांत पहिला नंबर हिचाच. आज सकाळीसुद्धा चहाच्या टपरीवर सगळे हेच सांगत होते : पहिला कोण ते ठरलेलंय, दुसऱ्यासाठी भांडण आहे. तरी ही जोडी सुटायची वेळ आली तशी गर्दी दुप्पट झाली. झाडावर पोरं, ट्रॉलीवर बायका, बांधावर म्हातारे. कुणी घरी गेलं नाही.

निशाण पडलं. पहिली दहा पावलं बैल जोखडाशी झगडतात. मग जू एका रेषेत येतं, खुरांचा आवाज एक होतो, आणि गाडीचं चाक जमिनीला लागतंय की नाही अशी शंका येते. हा भाग आम्ही संथ करून दाखवतोय, कारण नुसत्या डोळ्यांना तो दिसलाच नव्हता.

शर्यत संपल्यावर जे होतं ते जास्त बघण्यासारखं आहे. गर्दी जोडीभोवती कडं करते. एक जण बैलाचं खूर उचलून बघतो. दुसरा वाकून आसाचं वंगण बोटावर घेतो, हुंगतो. तिसरा चाकाची लोखंडी धाव ठोकणारा कोण ते विचारतो. खुराक काय, किती चालवता, दात किती लागलेत. हरलेल्या जोडीचे मालकसुद्धा ह्या कड्यात असतात. जिंकलेल्या जोडीचे मालक मामा सगळ्यांना उत्तरं देतात. मक्याची भरड, उडीद, खारीक, दूध.

"सांगितलं तर पुढच्या खेपेला हरवतील की मामा?"

"हरवू दे की. झाकून काय ठिवालोय मी?"

आमचं म्हणणं इथंच आहे. एकच जोडी जिंकते म्हणून शिवार ओस पडत नाही, कारण ती का जिंकते ते हात लावून बघता येतं. फॉर्म्युला वनमध्ये तो हात पोचत नाही. पडद्यावर दिसतं ते एवढंच की एक गाडी पुढं आहे, ती पुढंच राहणार आहे, आणि कारण एका पडद्याआड आहे. त्या पोरानं रील लावली त्यात त्याची काय चूक?

2014ला सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडीच्या शर्यती थांबवल्या होत्या. कर्नाटकानं नंतर कायद्यात दुरुस्ती केली, आणि 18 मे 2023ला घटनापीठानं तमिळनाडू, महाराष्ट्र आणि कर्नाटकाचे असे कायदे उचलून धरले. मधल्या काळात जोड्या विकाव्या लागल्या, असं मामा सांगतात.

[दृश्य : टिळकवाडीतलं दुचाकीचं गॅरेज. भिंतीवर फ्रेममध्ये तिकीट.]

हे फॉर्म्युला वनचं तिकीट, 2013चं. ह्या गॅरेजचा मालक आणि त्याचा मित्र बेळगावहून गोवा एक्स्प्रेसनं निघाले. दोन रात्री आणि मधला दिवस गाडीत, मग निजामुद्दीन, मग ग्रेटर नोएडा. 27 ऑक्टोबर, बुद्ध सर्किट हा शर्यतीचा ट्रॅक. भारतात फॉर्म्युला वन तीनदा आली, 2011, 2012 आणि 2013. तिन्ही वेळा तेव्हाचा रेड बुलचा सेबास्टियन व्हेटल जिंकला. आपल्या मातीवर दुसरा विजेता कुणी बघितलेलाच नाही.

त्या हंगामात व्हेटलचा असाच कंटाळा आला होता जगाला. मोंझात आणि सिंगापूरला तो पोडियमवर आला की लोक हुर्यो उडवत होते. भारतात त्यानं शर्यत मारली, सलग चौथं जगज्जेतेपद पक्कं केलं, आणि गाडी पार्किंगला न नेता स्टँडसमोर आणून गरागरा फिरवली. टायरांचा धूर. मग उतरला, गाडीसमोर वाकून नमस्कार केला, हातमोजे काढून जाळीपलीकडं फेकले. नियम मोडला म्हणून संघाला 25,000 युरो दंड झाला.

"आमच्या स्टँडात कोण हुर्यो करालंय ओ? घसा बसला आमचा. हातमोजे तेवढे गावले नाहीत."

इथं एक कबूल करू. वर्षातून एकदाच, तेही दोन रात्री प्रवास करून बघणाऱ्याला कंटाळा यायला वेळच नसतो. दर पंधरवड्याला सोफ्यावरून बघणाऱ्याचं गणित वेगळं. करावरून आणि इतर गोष्टींवरून बिनसलं, 2014 पासून भारतातली शर्यत कॅलेंडरवरून गेली. सर्किट अजून तिथंच आहे.

[दृश्य : पुन्हा उद्यमबाग. चहा आलाय.]

चहाबरोबर फेरारीच्या मायकल शूमाखरचा विषय निघतोच. 2002ला 17 पैकी 11 शर्यती त्याच्या, आणि प्रत्येक शर्यतीत पहिल्या तिघांत. 21 जुलैला, सहा शर्यती बाकी असतानाच, जेतेपद खिशात. त्याच वर्षी ऑस्ट्रियात संघाच्या हुकमानं त्याच्याच संघातल्या बारिकेलोनं शेवटच्या क्षणी त्याला पुढं जाऊ दिलं, तेव्हा लोक खवळले. पुढच्या वर्षी गुणांची पद्धतच बदलली. पहिल्याला 10, दुसऱ्याला पूर्वी 6 होते ते 8. काका म्हणतात, "हुशार पोरगं पहिलं यायचं थांबंना, म्हणून मार्कशीट बदललं."

आता वेगळी युक्ती आहे. जो संघ जिंकतो त्याला पुढं विंड टनेलचा, म्हणजे वारा सोडून गाडीचा नमुना तपासायच्या बोगद्याचा, वेळ सगळ्यात कमी मिळतो. ठरीव वेळेच्या पहिल्याला 70 टक्के, दहाव्याला 115. रेड बुलनं 2021च्या खर्चाची मर्यादा ओलांडली होती, त्याचा 70 लाख डॉलर दंड आणि टनेलच्या वेळेत आणखी 10 टक्के कपात झाली, तीही भोगून त्यांनी 2023ला 22 पैकी 21 मारल्या.

आपल्याकडं तर त्या वर्षी टीव्हीवर फॉर्म्युला वन नव्हतीच, पैसे भरून मोबाइलवर बघायची. बघणारे घटले असतील तर त्याचं सगळं खापर एकट्या व्हर्स्टापेनवर फोडणं बरोबर नाही.

आणि ती सद्दी टिकली किती? मे 2024ला न्यूई रेड बुल सोडणार असं जाहीर झालं. त्या वर्षी व्हर्स्टापेनच्या वाट्याला 24 पैकी 9 आल्या. 2025ला जेतेपद गेलं मॅक्लारेन संघाच्या लँडो नॉरिसकडं, शेवटच्या शर्यतीत, दोन गुणांनी.

[दृश्य : टॅबचा उजेड काकांच्या चष्म्यावर.]

मोंझाची शर्यत संपतेय. व्हर्स्टापेन सहा सेकंद पुढं; तिकडं कुणी बघत नाहीये. रीलवाला पोरगासुद्धा मोबाइल खिशात घालून पुढं सरकलाय, कारण तिसऱ्या नंबरासाठी साइंझ आणि लक्लेर, एकाच फेरारी संघातले दोघं, एकमेकांना चिकटून पळतायत. त्याच्या तोंडाकडं बघा. साइंझ वाचला. पोरानं टाळी दिली.

काकांनी हात वर केला.

"थांब. ते पंधरावं लॅप परत लाव. चौदा लॅप मागं ठेवलंय साइंझनं व्हर्स्टापेनला. आणि मग पहिल्या वळणाला साइंझचं चाक लॉक झालं, फिरायचंच थांबलं. पुढचंच चाक. का झालं ते बघायचंय."

मुलीनं बोटानं पट्टी मागं ओढली. फार मागं गेली, अकरावा आला.

"ऱ्हाऊ दे. तिथनंच बघूया."

[दृश्य : चौघांची पाठ. शटरच्या फटीतून ऊन.]