गाडीच्या पोटाला कोटिंग मारण्याआधीचे काम

नमस्कार मंडळी. एप्रिल लागला की एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत माझ्याकडे येऊ लागतो: गाडीच्या खालच्या बाजूला गंज चढू नये म्हणून कोणते कोटिंग मारावे? या वर्षी वसई, अलिबाग, रत्नागिरी, मालवण, थेट कारवारपर्यंतच्या प्रेक्षकांनी तो विचारला आहे, म्हणून आजचा संपूर्ण भाग त्यासाठीच ठेवला आहे. मात्र उत्तराची सुरुवात मी डब्यावरच्या नावापासून करणार नाही. किनाऱ्यावरच्या ज्या गाड्या मी खालून सडलेल्या पाहिल्या, त्यांतल्या बऱ्याच गाड्यांवर चांगल्या प्रतीचे कोटिंग होते, पण ते खारट आणि ओलसर पत्र्यावर मारलेले होते.

मूळ गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज तयार होतो, आणि मीठ मिसळले की ते काम कितीतरी वेगाने होते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे तो रंगाला आतून फुगवतो आणि जोडलेले दोन पत्रे एकमेकांपासून उचकटतो. यापेक्षा अधिक रसायनशास्त्र इथे लागणार नाही. एक प्रयोग तेवढा पुढे दाखवणार आहे.

एका प्रेक्षकांनी लिहिले आहे की आपल्याकडे बर्फ पडत नाही, रस्त्यावर मीठ टाकत नाहीत, मग हा खटाटोप कशासाठी. त्याच व्हिडिओखाली टोरांटोला राहणाऱ्या एका ताईंनी लिहिले आहे की त्यांच्याकडे दरवर्षी हिवाळ्यापूर्वी गाडीखाली तेलाचा फवारा मारून घेतात, तसे कोकणात का करत नाहीत. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच जागी आहे. टोरांटोत मीठ रस्त्यावरून चाकांनी उडून वर येते, आपल्याकडे ते हवेतून येते. लाटा फुटतात तेव्हा त्यांचे सूक्ष्म थेंब वाऱ्यावर स्वार होतात. किनाऱ्यापासून पहिल्या काही शे मीटरमध्ये मिठाचे प्रमाण सर्वाधिक असते आणि पुढे ते झपाट्याने उतरते, तरी वाऱ्याच्या दिशेनुसार ते बरेच आत पोहोचते. शिवाय समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असते आणि हवेतली आर्द्रता 35 टक्क्यांच्या आसपास असली तरी ते ओल धरू लागते. कोकणात इतकी कोरडी हवा वर्षातून फारच थोडे दिवस असते, त्यामुळे पाऊस नसतानाही तुमच्या गाडीचे पोट रात्रभर ओलसर राहते. त्यातच आपल्याकडचा उष्मा! रासायनिक क्रिया उष्णतेत वेगाने होते, आणि गोठलेल्या टोरांटोत जे मंदावते ते आपल्याकडे बारा महिने चालू राहते.

सर्वांत वाईट अवस्था मी मासळी वाहणाऱ्या टेम्पोंची पाहिली आहे. क्रेटमधला बर्फ वितळतो, त्याचे खारे पाणी हौद्याच्या फटींतून थेट चॅसिसवर गळते आणि केबिनच्या मागच्या आडव्या पट्टीवर साचून राहते. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात एका ओळखीच्या टेम्पोमालकांनी मला त्यांची गाडी खालून पाहायला बोलावले होते. काळे रबरी कोटिंग वरून अगदी अखंड दिसत होते, कुठे तडाही नव्हता. त्या आडव्या पट्टीवर स्क्रू ड्रायव्हरची मूठ ठोकली तेव्हा खणखणीत आवाज न येता बद्द आवाज आला. टोक घालून कोटिंग उचकटले तर तळहाताएवढा तुकडा सहज हातात आला, त्याच्या आतल्या बाजूला तांबूस पाणी होते आणि पट्टीवरून गंजाचे पापुद्रे एकावर एक सुटत होते. कोटिंग फाटले नव्हते. ते ज्याला चिकटले होते तो गंज लोखंडापासून सुटला होता.

असे का होते ते आता पाहा. केंब्रिजच्या युलिक इव्हान्स या संशोधकाने 1920 च्या दशकात एक साधा प्रयोग केला, जो आजही महाविद्यालयांत दाखवतात. पॉलिश पेपरने घासून लख्ख केलेल्या लोखंडी पट्टीवर मी हा मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवतो. सामान्यतः असे वाटते की जिथे हवा अधिक मिळते तिथे, म्हणजे थेंबाच्या कडेला, लोखंड अधिक झिजेल. प्रत्यक्षात कडेला भरपूर प्राणवायू मिळतो, मध्यभागी तो कमी पोहोचतो, आणि लोखंड विरघळते ते मध्यभागी. गंजाचे कडे दोहोंच्या मध्ये जमते. काही तासांनी पुसून पाहिले की हे स्पष्ट दिसते. आता याच थेंबावर कोटिंगचा थर आहे अशी कल्पना करा. कडेच्या फटीतून थोडी हवा आत जाते, आतल्या ओलीला ती मिळत नाही, आणि झीज नेमकी आत, तुम्हाला न दिसणाऱ्या जागी होते. उघड्या पत्र्यावरचा गंज निदान डोळ्यांना दिसतो आणि उन्हात वाळतो. झाकलेला गंज पत्रा आरपार जाईपर्यंत दिसत नाही. म्हणून मी ठामपणे सांगतो की ओल्या, खारट पत्र्यावर कोटिंग मारण्यापेक्षा काहीच न मारलेले बरे.

कोटिंगआधी पत्रा मीठमुक्त आणि कोरडा करायचा कसा ते आता सांगतो, कारण प्रतिक्रियांमध्ये ‘धुतली होती’ असे सर्वजण लिहितात आणि कशाने धुतली ते कोणी लिहीत नाही. किनाऱ्यालगतच्या विहिरी आणि बोअरवेल उन्हाळ्यात मचूळ होतात. ज्या पाण्याला साबणाचा फेस धड येत नाही आणि जे जिभेला खारट लागते, त्या पाण्याने गाडी धुणे म्हणजे मिठावर मीठ चढवणे होय. शेवटचे धुणे गोड्या पाण्यानेच करावे, मग त्यासाठी नळाच्या पाण्याचे पिंप भरून ठेवावे लागले तरी चालेल. गाडी लिफ्टवर घ्यावी, चाके उतरवावीत, चाकांच्या कमानीतले प्लास्टिकचे लायनर काढावेत. त्या लायनरच्या मागे चिखल, वाळू आणि पालापाचोळा यांचा जो लगदा निघतो तो महिनोन्‌महिने ओला असतो, आणि पुष्कळ गाड्यांत पहिले भोक तिथेच पडते. त्यानंतर तारेचा ब्रश घेऊन सुटणारा प्रत्येक पापुद्रा काढावा. घट्ट बसलेला पातळ गंज उरला तर त्यावर रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजाला स्थिर थरात बदलणारे रसायन, लावता येतो, परंतु पापुद्र्यांवर तो लावणे व्यर्थ आहे, कारण वरच्या थराखाली तो पोहोचतच नाही. उघड्या पडलेल्या लोखंडावर इपॉक्सी प्राइमर, तो पूर्ण सुकल्यावर कोटिंग, असा क्रम ठेवावा.

आणि या सगळ्याच्या मध्ये वाळवणे आहे. धुतल्यावर गाडी तासभर उन्हात उभी केली की वरचा पत्रा तापतो, खालचा मात्र सावलीतच असतो. दोन पत्रे जिथे एकमेकांवर चढवून जोडलेले असतात तिथे, आणि दरवाजाखालच्या पोकळ पट्टीत, म्हणजे रॉकर पॅनेलमध्ये, पाणी अडकून राहते. जोडावर कोरडा टिश्यू कागद दाबून धरावा. त्यावर ओलीची रेघ उमटली तर काम तिथेच थांबवावे. हवेच्या पाइपने जोड फुंकावेत, पंखा लावावा, गाडी रात्रभर छपराखाली तशीच ठेवावी. कोकणात डिसेंबर ते मार्च हा काळ या कामाला सर्वांत चांगला, कारण तेव्हा हवा त्यातल्या त्यात कोरडी असते. प्रत्यक्षात सर्व गाड्या गॅरेजमध्ये येतात त्या मृग तोंडावर आल्यावर, जेव्हा वळवाच्या सरी सुरू झालेल्या असतात आणि काहीही नीट वाळत नाही.

गॅरेजवाल्यांच्या बाजूनेही हे पाहणे आवश्यक आहे. त्यांची लिफ्ट एका गाडीने रात्रभर अडवली तर त्या दिवसाचा धंदा अडतो, आणि कोटिंगचे जे दर बाजारात चालतात त्यांत फवारणी धरलेली असते, वाळवण्याची रात्र धरलेली नसते. मग मेच्या अखेरीस रांग लागते, गाडी धुतली जाते, वरवर पुसली जाते आणि लगेच काळा फवारा बसतो, ज्यामुळे सगळेच सारखे दिसू लागते. यात एकट्या मेस्त्रींना दोष देणे मला पटत नाही. जे काम आपण मागत नाही आणि ज्याचे पैसे देत नाही, ते आपोआप होणार नाही.

माझा खरा राग वेगळ्या गोष्टीवर आहे, तो म्हणजे बुजवलेली भोके. प्रत्येक दरवाजाच्या खालच्या काठाला आणि रॉकर पॅनेलच्या तळाला कारखान्यातूनच लहान भोके ठेवलेली असतात. काचेवरून आत उतरणारे पाणी त्यांतून बाहेर पडते. माझ्या मेव्हण्यांच्या नव्या गाडीला ती घेतानाच कोटिंग करून दिले गेले, आणि पुढच्या पावसात ब्रेक मारला की दरवाजातून पाणी हिंदकळल्याचा आवाज येऊ लागला. खालून पाहिले तर जवळपास सर्व भोकांवर कोटिंगचा घट्ट पडदा बसला होता. फवारणीपूर्वी या भोकांत लाकडी काड्या किंवा रबरी बुचे घालावीत आणि काम झाल्यावर आठवणीने काढावीत. गाडी ताब्यात घेताना दरवाजाच्या काठाखालून बोट फिरवून प्रत्येक भोक मोकळे आहे याची स्वतः खात्री करावी.

कोटिंगच्या प्रकारांविषयी थोडक्यात सांगतो. डांबरी किंवा रबरी थर कठीण असतो. खडी उडते तिथे, म्हणजे चाकांच्या कमानींत, तो उपयोगी आहे, परंतु तडकला की आत पाणी धरतो. मेणाचे किंवा लॅनोलिनचे, म्हणजे मेंढीच्या लोकरीतून मिळणाऱ्या स्निग्ध द्रव्याचे कोटिंग मऊ राहते, सांध्यांत झिरपते आणि लहान ओरखडा स्वतःच भरून काढते, मात्र ते दरवर्षी तपासून पुन्हा मारावे लागते. किनाऱ्यावरच्या गाडीसाठी मी दुसऱ्या प्रकाराला पसंती देतो, आणि पोकळ भागांत तर तोच मारता येतो. सायलेन्सर, ब्रेकच्या डिस्क आणि ड्रम, रबरी बुश, सेन्सर यांवर काहीही उडू देऊ नये. तापलेल्या सायलेन्सरवर पडलेले कोटिंग पेट घेऊ शकते. इलेक्ट्रिक गाडी असेल तर बॅटरीच्या पेटीला आणि उच्च दाबाच्या विजेच्या नारिंगी केबलना हात लावू नये आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून लेखी उत्तर घेतल्याशिवाय काहीही मारू नये.

जळके ऑइल मारण्याचा सल्ला प्रत्येक व्हिडिओखाली येतो, आणि तो बहुधा अनुभवी ट्रकचालकांकडून येतो, म्हणून मी त्याला आदराने उत्तर देतो. तेलाचा थर पाणी दूर ठेवतो हे खरे आहे. पण वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये आम्ल आणि धातूचा चुरा उतरलेला असतो, रबराचे भाग त्याने फुगतात, आणि पहिल्या पावसात ते धुऊन रस्त्यावरून ओढ्यात आणि खाडीत जाते. आपल्या कायद्याने वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात धरले आहे. ज्या खाडीतल्या मासळीवर आपली घरे चालतात, तिच्यात ते सोडू नका, एवढी कळकळीची विनंती.

काही जणांनी बॅटरीला जोडायच्या इलेक्ट्रॉनिक गंजरोधक यंत्राविषयी विचारले आहे. त्यामागचे तत्त्व, म्हणजे विद्युतप्रवाहाने लोखंड वाचवणे, खरे आहे. मच्छीमार नौकांच्या पंख्याजवळ जस्ताचे ठोकळे बसवतात, ते झिजतात आणि लोखंड वाचते, कारण ठोकळा आणि लोखंड दोन्ही एकाच समुद्रात बुडालेले असतात आणि विद्युतप्रवाहाला पाण्याची सलग वाट मिळते. गाडीच्या पत्र्यावर सुटे सुटे थेंब असतात, तशी सलग वाट तिथे नसते. त्या यंत्राचे पैसे वाळवण्याच्या रात्रीसाठी ठेवा.

नवी गाडी घेतलेल्यांनी विचारले आहे की त्यांना याची गरज आहे का. आजच्या गाड्यांचा सांगाडा कारखान्यात रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने प्राइमर चढवलेला असतो, बऱ्याच ठिकाणी जस्ताचा मुलामा आणि जोडांवर सीलंट असतो. धोका सुरू होतो तो आपण नंतर पाडलेल्या भोकांपासून. मडफ्लॅपचे स्क्रू, सीएनजी टाकीचे ब्रॅकेट, मागचे सेन्सर यांसाठी ड्रिल चालवले की भोकाच्या कडेचे लोखंड उघडे पडते. बसवणाऱ्यांच्या शेजारी उभे राहा आणि स्क्रू घालण्याआधी त्या कडेला प्राइमरचा एक हात द्यायला सांगा.

ज्यांची गाडी दाभोळ-धोपावे किंवा दिघी-आगरदांडा फेरीबोटीने नियमित जाते, त्यांनी त्याच संध्याकाळी खालून गोड्या पाण्याची पाइप फिरवावी. ज्यांनी पुळणीवर गाडी घातली असेल त्यांनी घरी पोहोचण्याची वाटही पाहू नये. वाटेतल्या पहिल्या धुलाई केंद्रावर थांबावे आणि पाणी कुठले आहे ते विचारून मगच पोट धुऊन घ्यावे.

आणि गॅरेज निवडताना कोटिंगच्या कंपनीचे नाव विचारण्यापूर्वी एवढे विचारा की धुतल्यानंतर गाडी रात्रभर ठेवून घ्याल का, आणि फवारा मारण्याआधी मला खालून पाहायला बोलवाल का. दोन तासांत करून देतो असे उत्तर आले, तर वेगळ्या रात्रीचे पैसे देण्याची तयारी दाखवा. तरीही नकार मिळाला, तर गाडी तशीच घरी आणा, गोड्या पाण्याने धुऊन वाळवा आणि पुढच्या हिवाळ्यात दुसरीकडे न्या.