बूस्ट कुठे गेला?

आज बोलायचंय ते टर्बो लावलेल्या वँकेल इंजिनाबद्दल. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा, आणि त्या जादा दाबाला म्हणतात बूस्ट. पहिल्या महायुद्धातल्या विमानांचं रोटरी वेगळं, त्यात सिलिंडरच गरगर फिरायचे. इथे तिकोनी रोटर फिरतो. घरी विमान बांधताना हे इंजिन निवडणाऱ्यांकडे माझदाचं १३बी जास्त दिसतं. दोन रोटर, १३०८ सीसी.

ताकद कमी पडली की पहिला संशय टर्बोवर जातो. मीही तेच केलं. भोसरीच्या शेडमध्ये इंजिन स्टँडवर होतं. सुरुवातीला मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, पाऱ्याच्या ३८ इंचांवर यायचं, दहा मिनिटांत ३१ वर घसरायचं. दोन दिवस घालवून टर्बो उतरवला, शाफ्टचा खेळ मोजला, वेस्टगेट, म्हणजे टर्बोला जास्त होणारा एक्झॉस्ट बाजूने सोडणारा झडप, पाहिला. सगळं ठीक. हवा गळत होती ती पाइपांमधून. ते दोन दिवस मला अजून सलतात, कारण त्याआधी आम्ही ते इंजिन तसंच चार वेळा फुल थ्रॉटलवर चालवलं होतं. हवा गळत असली की तूट भरायला टर्बो जास्त वेगाने फिरतो, हवा जास्त तापते आणि डिटोनेशन, म्हणजे इंधनाचा अवेळी स्फोट, जवळ येतं. रोटरीचा एपेक्स सील, म्हणजे रोटरच्या टोकावरची पट्टी, अशा वेळी एका फटक्यात तुटू शकतो. तुकडा एक्झॉस्टमधून निघतो तो थेट टर्बाइनच्या पात्यांवर.

म्हणून सुरुवात काट्यापासून करा. इंजिन बंद असताना मॅनिफोल्डचा काटा बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे तो २८ इंचांच्या आसपास हवा. विमानतळ हवेच्या दाबाचा जो आकडा सांगतो, त्या क्यूएनएचशी ताडून पाहू नका, तो आकडा समुद्रसपाटीवर आणलेला असतो. बंद इंजिनावर काटा ३० दाखवत असेल, तर आधी गेज बदला.

मग पाइप. टर्बोच्या कंप्रेसरचं, म्हणजे हवा दाबणाऱ्या बाजूचं, तोंड बंद करून आत थोडी दाबाची हवा सोडा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा. आमच्याकडे गार असताना एकही बुडबुडा आला नाही. हेअर ड्रायरने होज तापवला, तेव्हा क्लॅम्पच्या कडेने बारीक फेस यायला लागला.

एक्झॉस्टही पाहा. टर्बाइनच्या आधीच्या गॅस्केटजवळ काजळीचा पट्टा दिसला, तर टर्बोची ताकद तिथूनच वाया जातेय.

पाइप निर्दोष निघाले, तरच इंजिनाच्या पोटात शिरा. नाना पेठेत मिळणारं साधं कंप्रेशन गेज चालेल, पण त्यातला छोटा व्हॉल्व्ह काढा. तो असला की रोटरच्या तीन बाजूंपैकी सगळ्यात चांगलीचाच आकडा दिसतो आणि आजारी बाजू लपते. प्रॉपेलर उतरवा, इग्निशन आणि पेट्रोल बंद करा, मग स्टार्टर फिरवा. काटा सारख्या तीन उड्या मारतो का ते बघा. शेजारच्या दोन उड्या मंद असतील, तर त्या दोन बाजूंमधला एपेक्स सील गेलाय.

तो होज मी आज बरोबर आणलाय. मागच्या रांगेपर्यंत फिरवा. हातात घेतलात तर धडधाकट वाटेल. क्लॅम्पची खूण आहे ना, तिथे अंगठ्याने दाबा. नखाएवढी चंद्रकोरीसारखी चीर उघडेल.