वर्षाची चटणी

(दृश्य: अंगणात जुन्या लुगड्यावर पसरलेली लाल मिरची. मागे गोठा.)

बेळगावच्या पश्चिमेला वेंगुर्ला रस्त्यानं निघालं की हिंडलगा, सुळगा, उचगाव, तुरमुरी, बाची अशी गावं लागतात. भाताची मळणी कधीच उरकली. भातामागून पेरलेला मसूरही घरात आला. मार्कंडेय नदीचं पाणी आटत आलंय. पाडवा झाला की इथल्या बायकांच्या डोक्यात एकच विषय असतो, वर्षाची चटणी.

वर्षाची म्हणजे खरंच वर्षाची. आमटीला, कालवणाला, घाईच्या वेळी तेल घालून भाकरीसोबत खायला, पुढच्या चैत्रापर्यंत हीच पुरवायची. आणि हे सगळं वळवाच्या पावसाआधी. ढग भरून आले की मिरची मऊ पडते, मग ती डंकात, म्हणजे कांडपाच्या यंत्रात, नीट कांडली जात नाही.

आजी एक मिरची उचलते, चिमटीत मोडते. कट्‌ असा आवाज यायला हवा. "अजून एक ऊन दे," ती सुनेला सांगते, आणि ढिगाची खालची बाजू वर करते. ब्याडगी रंगासाठी, संकेश्वरी तिखटासाठी. संकेश्वर इथलंच, याच जिल्ह्यातल्या हुक्केरी तालुक्यातलं. कुठली किती घ्यायची याचं माप आजीच्या हातात आहे, कागदावर कुठं नाही. सून शेजारी बसून देठ खुडते. हाताची आग रात्रीपर्यंत जात नाही. या कामाला घरात कुणी काम म्हणत नाही, हे मला फार खटकतं.

(दृश्य: फाट्यावरची बस.)

आज शनिवार, बेळगावचा बाजार. खोबरं, धणे, तीळ रविवार पेठेतून आणायचे. आजीबरोबर लेक निघालीय. ती कालच हद्दीपलीकडं, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातल्या सासरहून आली. दोघी एकाच सीटवर बसतात. कंडक्टर येतो. आजी पिशवीतून आधार कार्ड काढते, तिला शून्य रुपयांचं तिकीट मिळतं. लेक पैसे काढते.

११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना राज्याच्या साध्या बसमध्ये शक्ती योजनेतून मोफत प्रवास आहे. लेक जन्मली याच गावात, पण तिच्या आधारवर पत्ता महाराष्ट्राचा. तिला अर्धं तिकीट मिळतं ते बाचीच्या पुढं, हद्दीपलीकडच्या शिनोळीपासून, महाराष्ट्राच्या एसटीत.

"तुझं बरं आहे बघ आई. फिर की रोज."

"तू पत्ता हिकडचाच ठेवायचीस की."

"मग तिकडं रेशन कोण देणार गं?"

पुढच्या सीटवरची बाई हसते. तिचीही लेक तिकडंच दिलीय.

चंदगड एकेकाळी बेळगाव जिल्ह्यातलाच तालुका होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची नवी आखणी झाली. बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, चंदगड मुंबई राज्यात राहिलं. सोयरिकी काही थांबल्या नाहीत. आजही लग्नाची बोलणी करताना जमीन किती, मुलगा काय करतो, हेच विचारतात. हद्द आठवते ती नंतर, दाखले काढताना.

बाजार लवकर आटोपतो. येताना कुंद्याचा, इथल्या दुधाच्या मिठाईचा, एक पुडा घेतलाच पाहिजे, लेकीच्या सासरी त्याची वाट बघतात.

इकडं घरी आजीचा मुलगा पीककर्जासाठी शेताचा उतारा काढून आलाय. कागद कन्नडमध्ये. नात मराठी शाळेत जाते, कन्नडही तिथंच शिकते. ती बोट ठेवून एकेक ओळ वाचते आणि आजोबांना मराठीत सांगते. आजोबा गुंठे पुन्हा पुन्हा विचारून घेतात. म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्या जमिनीचा कागद स्वतःच्या डोळ्यांनी वाचता यायला हवा, असं हे बघताना राहून राहून वाटतं.

(दृश्य: चुलीवरची कढई.)

ऊन उतरलं की मसाला भाजायला घेतात. धणे आधी, तीळ शेवटी, कारण तीळ लगेच करपतात. खोबऱ्याचे काप तांबूस झाले की उतरायचे. सून कढईवरून नजर हलवत नाही.

डंकावर डब्यांची रांग लागलीय. डंकवाला कन्नडमध्ये विचारतो, आजी मराठीत सांगते, कुणाचंच अडत नाही. लोखंडी मुसळं दणादण पडतात, सगळ्यांनी पदर नाकाला लावलेत, तरी शिंका थांबत नाहीत.

लेकीचा घाणा आधी. तिचे सासरे माळकरी, त्यांना लसूण चालत नाही. घरच्या चटणीत लसूण पडतो, म्हणून त्याचा वास डंकाला लागण्याआधी हिची कांडून घ्यायची. आजी मूठभर चटणी दाबून बघते, जिभेला लावते, आणखी मीठ टाकायला सांगते. मग सोललेला लसूण पुढं येतो आणि घरचा घाणा सुरू होतो.

उद्या सकाळी भाऊ तिला मोटारसायकलवरून शिनोळीपर्यंत सोडणार. पुढं तिची एसटी. डब्यात हिंगाचा खडा घातलाय, झाकणाला फडकं बांधलंय. डबा वरच्या फळीवर ठेवायचा नाही, मांडीवरच घेऊन बसायचं, असं आजीनं तिला दोनदा बजावलंय.