फ्लेक्स अजून आहे का?

सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या पालकांसमोर नागपुरात केलेल्या भाषणाचं हे संपादित रूप.

नमस्कार. आधी एक सांगून ठेवते. माझा फोन सुरू आहे आणि तो या टेबलावरच ठेवला आहे. बोलताना वाजला तर मी तो घेईन, तुम्ही दोन मिनिटं थांबायचं. आयोजकांशी तसं बोलून ठेवलं आहे.

मी भूगोलाची शिक्षिका. ३१ वर्षं शाळेत शिकवलं. माझा धाकटा मुलगा नौदलात मरीन कमांडो आहे, बातम्यांमध्ये ज्यांना मार्कोस म्हणतात ते. आज तो कुठे आहे, मला माहीत नाही. माहीत असतं तरी इथे सांगितलं नसतं, आणि त्याचं नावही मी घेणार नाही.

"मॅडम, तुम्ही त्याला जाऊ कसं दिलं जी?" असं आत येताना तीन जणींनी विचारलं. खरं सांगायचं तर त्यानं मला विचारलंच नव्हतं. २००८ साली मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा दिल्लीहून एनएसजीचे, म्हणजे दहशतवाद्यांशी लढणाऱ्या खास दलाचे जवान पोचायच्या आधी ताजमध्ये मार्कोस शिरले होते. हा दहा वर्षांचा होता. तोंड झाकलेली ती माणसं टीव्हीवर बघत बसला होता, जेवायला उठेना. मी तेव्हा टीव्ही बंद केला आणि विषय संपला असं समजले. पुढे २०१६ मध्ये बारावी झाली, परीक्षा दिली, निवड झाली. ओडिशात चिल्का सरोवराकाठी आयएनएस चिल्का हे नौसैनिकांचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिकडे निघून गेला. स्टेशनवर मी रडले नाही. घरी आले, दोरीवर त्याचा टॉवेल अजून ओला होता, तेव्हा रडले.

माझं माहेर हिंगणघाट, सासर काटोल. एकीकडे कापूस, दुसरीकडे संत्री. दोन्ही घरांत मिळून समुद्र पाहिलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मी स्वतः हिंदी महासागर फळ्यावर निळ्या खडूनं काढत आले आणि प्रत्यक्ष पाहिला तो लग्नानंतर. नागपूरला फौज परकी नाही. कामठीला गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे, वायुसेनानगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. हिरवा आणि निळा गणवेश आपल्या शेजारात राहतो, दूध आणायला जाताना दिसतो. नौदलाचा पांढरा दिसत नाही. कोकणात कोळ्याच्या घरातली आईसुद्धा घाबरत असणार, पण घाबरायचं कसं हे तिला तिच्या सासूनं शिकवलेलं असतं. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहायचा, त्याला शांत हो म्हणायचं, मग होडी पाण्यात लोटायची. आपल्याकडे त्या दिवशी फक्त राखी. मला विचारायला कुणी नव्हतं. शेजारच्या काकू म्हणायच्या, "अगं, माणसं रस्त्यावरही मरतात." हे वाक्य कृपा करून कुणाला ऐकवू नका. ऐकणाऱ्याला त्यानं एक कणभर धीर येत नाही, उलट रस्त्याचीही भीती वाटायला लागते.

मग मी जे येत होतं तेच केलं. अभ्यास केला.

पहिल्यांदा गेलो ते दीवला. सोमनाथला जायचं ठरलं होतं, मीच ह्यांना म्हटलं, तिथून दीव जवळ आहे. १९७१ च्या युद्धात ९ डिसेंबरच्या रात्री आयएनएस खुकरी ही आपली युद्धनौका दीवच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीनं बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून निघाले नाहीत. किनाऱ्यावर एका उंचवट्यावर काचेच्या पेटीत खुकरीची प्रतिकृती ठेवली आहे, समोर समुद्र. हे म्हणाले, "इथे कशाला आणलंस, आणखी घाबरशील." मी घाबरलेच. पण तोवर माझ्या भीतीला आकार नव्हता, रात्री तीन वाजता ती घरभर पसरायची. तिथे उभं राहिल्यावर तिला एक तारीख मिळाली, एक जागा मिळाली. १९४ घरं मिळाली. तुम्हाला हे विचित्र वाटेल. मला त्या रात्री झोप लागली.

नंतर पाण्याखालचं वाचायला घेतलं. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो, हे मी मुलांना शिकवलेलं. पण त्याचा माझ्या मुलाच्या छातीशी संबंध मी कधी जोडला नव्हता. दहा मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट. तिथे पाणबुड्यानं टाकीतून छातीभर हवा घेतली आणि श्वास कोंडून वर आला, तर तीच हवा दुप्पट फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. म्हणून त्यांना पहिल्या दिवसापासून शिकवतात की वर येताना श्वास कोंडायचा नाही, सोडत यायचं. खोलवर बराच वेळ राहिलं की नायट्रोजन रक्तात विरघळतो, भराभर वर आलं तर त्याचे बुडबुडे होतात. म्हणून सावकाश यायचं, मध्ये थांबत थांबत. आणि सोबत जोडीदार हवाच. सुट्टीवर आला तेव्हा मी त्याला हे सगळं विचारलं. तो जेवता जेवता थांबला. म्हणाला, "आई, तुला हे कुणी सांगितलं?" त्या दिवशी पहिल्यांदा तो माझ्याशी त्याच्या कामाबद्दल बोलला. दीड तास. त्याआधी "जेवलास का" आणि "हो" यापलीकडे आमचं बोलणं जात नव्हतं. मी काही तज्ज्ञ झाले नाही. मी उगीच घाबरवणारी राहिले नाही, म्हणून तो बोलू शकला.

आता ज्याच्यासाठी मी आज इथे यायला हो म्हटलं, ते सांगते.

मार्कोसमध्ये कुणाला ढकलत नाहीत. नौदलात असलेल्यानं स्वतःहून नाव द्यायचं असतं. आणि निवडीच्या काळात कुठल्याही घडीला, "मला थांबायचं आहे," असं म्हणता येतं. बहुतेक जण गळतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, माणूस आपल्या जहाजावर परत जातो आणि तिथेही देशाचंच काम असतं. माझ्या मुलानं २०१८ मध्ये पहिल्यांदा नाव दिलं. घरी आनंद झाला, नातेवाइकांना फोन झाले. तो जिथे भरतीच्या तयारीला जायचा, तिथल्या लोकांनी आमच्या चौकात फ्लेक्स लावला. दहा फुटी. त्याचा फोटो, मागे हेलिकॉप्टर, खाली 'नागपूरचा वाघ'. आणि आमची दोघांची नावं, धन्य ते मातापिता म्हणून. अजून निवड व्हायची होती. मी त्यांना थांबवलं नाही. मला तो फ्लेक्स आवडला होता. शाळेत जाताना मी मुद्दाम त्या चौकातून जायचे.

तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात त्याच्या नडगीच्या हाडाला चीर गेली. त्याला परत पाठवलं. हे आम्हाला कळलं अडीच महिन्यांनी. अडीच महिने तो फोनवर सांगत होता, "चाललंय, कठीण आहे, पण चाललंय." मग सुट्टीवर आला. हे स्टेशनवर घ्यायला गेले होते. तो लंगडत उतरला, पिशवी ह्यांच्या हातात दिली आणि त्याचं पहिलं वाक्य होतं, "बाबा, तो फ्लेक्स अजून आहे का?"

ह्यांनी त्याला चौकातून न आणता मागच्या रस्त्यानं घरी आणलं. त्याच रात्री शिडी घेऊन गेले आणि फ्लेक्स काढला. तो आता गच्चीवर असतो, पावसाळाभर कुलरवर बांधलेला. जाड असतो, टिकतो.

मंडळी, मी दोन वर्षं माझ्या भीतीशी झगडत होते. ती त्याच्यापर्यंत पोचू नये म्हणून काय काय केलं, फोनवर आवाज कसा सांभाळला. आणि माझ्या अभिमानाकडे माझं लक्षच नव्हतं. भीती पोचली असती तर तो फार तर चिडला असता. अभिमान पोचला, आणि मोडलेलं हाड घेऊन त्याला घरी यायची लाज वाटली. समुद्रात पोरगं थकलं तर त्याला किनारा दिसला पाहिजे ना? आम्ही किनाऱ्यावर फ्लेक्स लावून बसलो होतो.

पुढच्या वर्षी त्यानं परत नाव दिलं. या वेळी फोन करून विचारलं, "आई, जाऊ का?" मी म्हटलं, "जा. नाही जमलं तर त्याच दिवशी फोन कर, बाबा स्टेशनवर येतील." आम्ही कुणालाही सांगितलं नाही. माझ्या सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही, ती अजून त्यावरून बोलते मला. निवड झाली. फ्लेक्स नव्हता म्हणून निवड झाली असं मी म्हणणार नाही, हाड भरलं होतं म्हणून झाली. पण नसती झाली, तर आम्हाला त्याच दिवशी कळलं असतं.

इथे अग्निवीरांचे पालक आहेत, मला दिसताहेत. तुमच्यासाठी तर हे जास्तच आहे. चार वर्षांची सेवा, आणि त्यानंतर फार तर २५ टक्के मुलं कायम होणार. म्हणजे चारांतली तीन परत येणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं आहे. ती हरून येणार नाहीत, मुदत संपून येणार. पण गावानं मिरवणूक काढून पाठवलं असेल तर एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी परत येताना त्या पोराला कसं वाटेल, याचा विचार मिरवणुकीच्या आधी करा. गुलाल उधळणाऱ्यांपैकी कुणी चार वर्षांनी स्टेशनवर येत नाही.

आणखी एक चूक केली, तीही सांगते. ह्यांची अँजिओप्लास्टी झाली. मी मुलाला कळवलं नाही. तो तिकडे पाण्यात उतरणार, त्याचं लक्ष विचलित नको. सगळ्यांनी मला शहाणी म्हटलं. महिन्याभरानं एका आतेभावाच्या तोंडून त्याला कळलं. तो ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "आता तू 'सगळं ठीक आहे' म्हणालीस की मी रात्रभर तुझा आवाज आठवत बसणार, खरा होता की नाही. तुम्ही लपवलंत तर मी काय काय लपवायचं?" तेव्हापासून आमच्या घरात ठरलं आहे, कामाबद्दल तो सांगू शकत नाही ते सांगणार नाही, पण खोटं दोघांनीही बोलायचं नाही. दुखतंय तर दुखतंय. पैशाची अडचण आहे तर आहे. "हे मी सांगू शकत नाही," हे त्याचं वाक्य मला आता पूर्ण उत्तर वाटतं.

फोनचं म्हणाल तर सवय करावी लागते. डिसेंबर २०१९ मध्ये नौदलानं तळांवर आणि जहाजांवर स्मार्टफोन आणि फेसबुकवर बंदी घातली, कारण हेरगिरीचं प्रकरण उघड झालं होतं. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर कुणीतरी त्याचा गणवेशातला फोटो टाकला होता, जहाजाच्या नावासकट. मी सगळ्यांना एकेक फोन करून तो काढायला लावला. वाईटपणा आला. येऊ द्या. त्याच्या बहिणीची राखी फ्लीट मेल ऑफिसच्या, म्हणजे नौदलाच्या टपाल कार्यालयाच्या पत्त्यावर जाते, एका वर्षी त्याला ती दिवाळीत मिळाली. त्यानं दिवाळीत बांधली.

मार्च २०२४ मधला एक दिवस सांगते आणि थांबते. १६ तारीख. सोमाली चाच्यांनी पळवलेलं 'रुएन' जहाज सोडवायला हवाई दलाच्या सी-१७ विमानातून मार्कोस बोटींसकट समुद्रात उतरले, आपल्या किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटर दूर. आयएनएस कोलकाता ही आपली युद्धनौका तिथे होती. जवळपास ४० तास ते चाललं. ३५ चाचे शरण आले, जहाजावरचे १७ जण सुखरूप सुटले. मला हे कळलं दुसऱ्या दिवशी, बातम्यांतून. मुलाचा बारा दिवस फोन नव्हता. मी पोळ्या लाटत होते. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, काही बोलले नाहीत. मी लाटत राहिले, आम्ही दोघंच घरी, आणि पोळ्या झाल्या सव्वीस. आठवड्यानं त्याचा फोन आला. तू होतास का, असं मी विचारलं नाही. मी विचारलं, "नडगी कशी आहे?" तो म्हणाला, "थंडीत ठणकते." मी म्हटलं, तिळाचं तेल पाठवते. "पाठव," म्हणाला.

तो त्यात होता की नाही, मला आजही माहीत नाही.

इतकं बोलायचं होतं. फोन वाजला नाही. त्या मागच्या रांगेतल्या ताईंनी मघाशी हात वर केला होता, त्यांच्या मुलीला नौदलात जायचं आहे म्हणाल्या. या ना ताई, पुढे या. माइक राहू द्या, मला ऐकू येतं.