पर्वतीवरून दिसणारे पुणे : निसर्गाचे काय, माणसाचे काय?

[दृश्य : सकाळची वेळ. पर्वतीच्या रुंद, बुटक्या पायऱ्या चढणारी तिसरी-चौथीतील मुले.]

निवेदन :

पर्वतीच्या पायऱ्या चढताना मुलांना एकच काम द्यावे. पायाखालचा दगड नीट पाहायचा, त्यावर हात फिरवायचा आणि तो कोणी केला ते सांगायचे. बहुतेक मुले सांगतात, "पेशव्यांनी." उत्तर अर्धे बरोबर आहे. हा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वर आलेला लाव्हा थंड होऊन तो तयार झाला. टेकडी त्याच पाषाणाची आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात या टेकडीवर देवस्थान उभे राहिले आणि पाषाण फोडून, घडवून त्याच्या पायऱ्या झाल्या. दगड निसर्गाचा, पायरी माणसाची.

परिसर अभ्यासाच्या वहीत 'नैसर्गिक' आणि 'मानवनिर्मित' असे दोन रकाने असतात आणि मुले ते पाठ करतात : डोंगर, नदी, दरी एकीकडे, रस्ता, पूल, धरण दुसरीकडे. रकाने चुकीचे नाहीत. पण ते वर्गात आधी भरून मग परिसर पाहायला जाणे म्हणजे उत्तर वाचून गणित सोडवण्यासारखे आहे. म्हणून माथ्यावर पोहोचल्यावर प्रत्येकाच्या हातात कोरा कागद आणि दोन पेन्सिली द्याव्यात : निसर्गाने घडवलेल्या गोष्टींसाठी हिरवी, माणसाने केलेल्या गोष्टींसाठी तांबडी.

[दृश्य : माथ्यावरून नैर्ऋत्येकडे सिंहगड, वायव्येकडे वेताळ टेकडी.]

वेताळ टेकडी हिरवी होते, पेठांची घरे तांबडी होतात. सिंहगडापाशी मात्र वाद सुरू होतो. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीचा तो डोंगर कोणी बांधलेला नाही. पण तट, दरवाजे, पाण्याची टाकी आणि अलीकडचा दूरदर्शनचा मनोरा माणसाचेच आहेत. किल्ला बांधणाऱ्यांनी कड्याचा निसर्ग तटासारखा वापरला आणि कडा जिथे कमी पडला तिथेच भिंत घातली, हे एकदा कळले, की मुले आपणहून हिरव्या रेषेवर तांबडी रेष ओढतात.

आता नजर खाली घ्यावी. पुण्यात पाण्याच्या दोन वाटा जवळजवळ वाहतात : एक मुठा नदी, दुसरा पुणेकर ज्याला नुसते 'कॅनॉल' म्हणतात तो मुठा उजवा कालवा. मुलांना दोन्हींत फक्त पाणी दिसते. फरक समजावून सांगण्यापेक्षा करून दाखवावा.

[दृश्य : शाळेचे अंगण. परातीत ओल्या मुरमाचा ढीग. एक मुलगी तांब्यातून हळूहळू पाणी ओतते आहे.]

मुलगी माथ्यावर पाणी ओतते, तेव्हा ते स्वतः उतार शोधत, वळणे घेत परातीतल्या सर्वांत खोल जागी जाऊन साठते. ही झाली नदी. मग तिला सांगायचे, की हेच पाणी ढिगाच्या मधल्या उंचीवरून पलीकडच्या बाजूला न्यायचे आहे. ती बोटाने कडेकडेने चर काढते. उतार जास्त झाला, तर पाणी काठ फोडून खाली पळते; उतार नसला, तर जागीच थांबते. तीनचार वेळा चर मोडल्यावर तिला जो बेताचा उतार सापडतो, तोच कालव्याचे रहस्य आहे. खडकवासल्याहून निघालेला कालवा म्हणूनच तळाशी न उतरता पर्वतीच्या पायथ्याला वळसा घालून पुढे दौंड, इंदापूरच्या शेतांकडे जातो. त्याचा काठ फुटला तर काय होते, हे २७ सप्टेंबर २०१८ रोजी दांडेकर पुलाच्या परिसराने पाहिले आहे.

[दृश्य : सारसबाग. मुले हिरवळीवर.]

पायथ्याच्या सारसबागेला मुले हमखास हिरवा रंग देतात, कारण तिथे झाडे आहेत. पण तिथल्या गणपतीला जुनी माणसे अजून 'तळ्यातला गणपती' म्हणतात. नानासाहेबांनी इथे तळे खोदवून घेतले, मधे बेट राखले. पुढे पाणी गेले आणि बाग झाली. म्हणजे तळे माणसाचे, बागही माणसाची. फक्त नावात पाणी उरले.

नावांवरून आठवले : मराठीतला 'घाट' हा शब्द मुलांना जरूर उलगडून दाखवावा. कात्रजचा घाट म्हणजे डोंगर ओलांडण्याची वाट, आणि नदीचा घाट म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. दोन्ही ठिकाणी निसर्गाने अडवले आणि माणसाने वाट काढली.

[दृश्य : कात्रजचा तलाव, नंतर जुन्या जलवाहिनीचा उच्छ्वास, म्हणजे भूमिगत नळाचे जमिनीवर उघडणारे दगडी तोंड.]

कात्रजच्या डोंगरातून येणारा आंबिल ओढा हा या पाहणीतील सर्वांत अवघड आणि म्हणूनच सर्वांत उपयोगी धडा आहे. पेशवाईत त्यावर बंधारा घालून तलाव केला गेला आणि तिथून दगडी बांधणीच्या भूमिगत नळाने आठ-नऊ किलोमीटरवरील शनिवारवाड्यापर्यंत व शहरातील हौदांपर्यंत पाणी आले. पंप नव्हता, कात्रज उंचावर आणि पेठा खाली, एवढ्या एका गोष्टीवर सारी योजना चालली. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले होते, म्हणजे नळातील दाब कमी व्हावा आणि गाळही काढता यावा. पुढे खाली, पूर्वी पेठांच्या बाजूने वाहणारा हा ओढा पर्वतीच्या पायथ्याजवळून पश्चिमेला वळवण्यात आला.

[दृश्य : मुलांचे नकाशे जमिनीवर मांडलेले. एका कागदावर ओढ्याची रेष : डोंगरापाशी हिरवी, तलावापाशी तांबडी, खाली दोन्ही रंग एकमेकांत मिसळलेले.]

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरावर जोराचा पाऊस झाला आणि हाच ओढा काठच्या वस्त्यांमध्ये शिरला. अनेकांचे प्राण गेले. मुलांना हे सांगताना घाबरवायचे नाही, पण लपवायचेही नाही. नकाशावर ओढ्याच्या दोन्ही अंगांना त्यांनी घरांचे तांबडे चौकोन अगदी रेषेला चिकटवून काढलेले असतात, कारण तिथे खरोखरच तशी घरे आहेत. त्यांना एवढेच विचारावे, की पावसाळ्यात ही रेष किती जाड काढावी लागेल. मुले खोडरबर मागतात.