हिटलर नसता तर जर्मनी-पोलंडची दोस्ती झाली असती का?

तर मंडळी, मागच्या व्हिडिओखाली भरपूर जणांनी एकच लिहिलंय, हिटलर आलाच नसता तर जर्मनी आणि पोलंड गुण्यागोविंदाने राहिले असते. मला नाही पटत. युद्ध कदाचित टळलं असतं, पण दोस्ती? छे!

आधी १९२५ बघा. युरोपातल्या सीमांबद्दलच्या लोकार्नो करारात स्ट्रेसेमान, म्हणजे जर्मनीचा परराष्ट्रमंत्री, ज्याला पुढच्याच वर्षी शांततेचं नोबेल मिळालं, तो फ्रान्स-बेल्जियमकडची सीमा मान्य करतो आणि पोलंडकडची सीमा? तिच्यावर हमी नाहीच. त्याच वर्षी जर्मनीने पोलिश कोळसा घ्यायचं बंद केलं आणि जे व्यापारयुद्ध पेटलं ते १९३४ पर्यंत चाललं. त्याच्याही आधी, १९२२ मध्ये, जर्मन लष्कराचा प्रमुख झेक्ट लिहून गेला होता की पोलंडचं अस्तित्वच सहन होण्यासारखं नाही. हे सगळं हिटलर सत्तेत यायच्या आधीच सुरू झालेलं बरं का!

आणि गंमत म्हणजे पोलंडबरोबर अनाक्रमण करार केला कुणी? हिटलरने. १९३४, तारीख २६ जानेवारी, आपल्याला विसरायचं काम नाही. मुदत १० वर्षं, आणि ५ वर्षांत त्यानेच तो फाडला.

आता हिटलर वजा करा. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मन लष्कर १ लाख सैनिकांवर बांधलेलं, म्हणजे वैर भरपूर पण हात आखडलेला. तिकडे पोलंडने काय केलं, डान्झिगवर, म्हणजे जर्मनीपासून तोडलेल्या पण जर्मन वस्तीच्या बंदरावर, अवलंबून नको म्हणून ग्डिनिया नावाच्या मासेमारीच्या गावात स्वतःचं बंदर उभं केलं, १९२६ च्या इंग्लंडमधल्या कोळसा संपात स्कँडिनेव्हियाचे गिऱ्हाईक पकडले, मग कोळशाच्या खाणींपासून बंदरापर्यंत थेट रेल्वे टाकली, आणि पुढे मालवाहतुकीत ग्डिनिया डान्झिगच्या पुढे गेलं. म्हणजे जर्मनीने दार लावलं म्हणून यांनी नवीन दारच पाडलं! अजून १०-१५ वर्षं मिळाली असती तर डान्झिगसाठी भांडण्यात पोलंडला तरी फारसा रस उरला नसता, असा माझा अंदाज, हं, अंदाजच.

जर्मनांची मळमळ मात्र गेली नसती. पूर्व प्रशियाला, म्हणजे मध्ये पोलंडची पट्टी आल्याने तुटलेल्या जर्मन भागाला, जाणारी ती सीलबंद रेल्वेगाडी १९४५ सालीही पोलिश हद्दीतून तशीच धावत राहिली असती, आणि आत बसलेले बर्लिनवाले खिडकीतून बघत पोलंडला शिव्या घालत असते.